कायद्यातली बदली : कलमाच्या जागी कलम, वारसाच्या जागी वारस

एका गोष्टीच्या ऐवजी दुसरी गोष्ट त्याच जागी बसवणे, याला कायद्यात प्रतिस्थापन म्हणतात. हे तीन ठिकाणी घडते. विधिमंडळ किंवा संसद एखाद्या अधिनियमातले जुने शब्द काढून तिथे नवे घालते. मालमत्तेचा वारस आधीच वारलेला असला, तर त्याच्या जागी दुसरा उभा राहतो. आणि दावा चालू असताना पक्षकार मरण पावला, तर त्याचे वारस रेकॉर्डवर घेतले जातात. तिन्ही ठिकाणी तीन प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात : कोणाच्या जागी, कधीपासून आणि किती मर्यादेपर्यंत. ‘कोणाच्या जागी’ हे सहसा कागदावरच लिहिलेले असते. ‘कधीपासून’ या एका प्रश्नावर मात्र जमिनी हातच्या गेल्या आहेत आणि बहिणींना पंधरा-पंधरा वर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या आहेत.

सर्वांत साधी बदली नावाची. इंग्रजी अमलात एकच असलेल्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतर त्यांना जळगाव आणि धुळे ही नावे रूढ झाली. पुढे १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. दुय्यम निबंधकाच्या दप्तरातल्या जुन्या खरेदीखतावर ‘जिल्हा पूर्व खानदेश’ असे लिहिलेले असते. तेवढ्यावरून कोणी ती जमीन जळगाव जिल्ह्यातली नाही असे म्हणू शकत नाही. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या नावात २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आले. त्याआधी मिळालेल्या पदव्यांना त्यामुळे काही बाध आला नाही. संस्था तीच, तिचे हक्क आणि देणी तीच, बदलले ते फक्त नाव. इतक्या साध्या बदलीत ‘कधीपासून’ हा प्रश्न फारसा त्रास देत नाही. ज्या कलमाने कोणाचा तरी हक्क ठरतो, ते कलम बदलले की तो त्रास सुरू होतो.

अधिनियमात दुरुस्ती करण्याच्या मुख्य रीती तीन. जुना मजकूर तसाच ठेवून नवे कलम जोडायचे, किंवा जुने कलम वगळायचे, किंवा जुन्या कलमाऐवजी नवे दाखल करायचे. तिसऱ्या रीतीत दोन क्रिया एकदम होतात : जुने रद्द होते आणि नवे त्याच क्रमांकावर येऊन बसते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली मांगीलाल पिंडवाल यांच्या राजस्थानातल्या प्रकरणात हीच फोड करून सांगितली. पण या विषयावरचा जो निकाल आजही वकील सर्वांत आधी काढतात, तो महाराष्ट्रातला आहे आणि एका लढवय्या माणसाच्या नावाने ओळखला जातो.

शामराव परुळेकर हे ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्धच्या लढ्याचे नेते. गोदावरी परुळेकर यांच्यासोबत त्यांनी १९४५ पासून तो लढा उभा केला. स्वातंत्र्यानंतर त्यांना १९५० च्या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली अडकवण्यात आले. हा कायदा मुळात अल्पमुदतीचा होता. १९५१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत १ एप्रिल १९५२ पर्यंत गेली आणि १९५२ च्या दुरुस्तीने ती १ ऑक्टोबर १९५२ पर्यंत लांबवली. परुळेकर सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा या दुरुस्तीमुळे जुन्या आदेशाखालची स्थानबद्धता पुढे चालू राहते का, हा प्रश्न उभा राहिला. न्या. व्हिवियन बोस यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा : दुरुस्तीने मूळ कायद्यातले शब्द बदलले, की मूळ कायदा हातात घेऊन जुने शब्द लेखणीने खोडावेत, नवे शाईने तिथे लिहावेत आणि मग सारा कायदा पहिल्यापासून तसाच लिहिलेला आहे असे समजून वाचावा. दुरुस्ती करणारा कायदा पुन्हा उघडून पाहण्याची गरज राहत नाही. असे वाचल्याने विसंगती किंवा निव्वळ अनर्थ होत असेल, तेवढाच अपवाद. परुळेकरांच्या वाट्याला त्या निकालातून दिलासा आला नाही. पण त्यांच्या नावाचे ते सूत्र कायदेवाचनाचा पायाच होऊन बसले.

या सूत्राची खरी कसोटी पन्नासेक वर्षांनी लागली, आणि ती शेतजमिनीवर लागली.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमातल्या मूळ कलम ६ प्रमाणे एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने सहहिस्सेदार होण्याचा हक्क फक्त मुलांना होता. मुलीला मिळे तो बाप वारल्यानंतर त्याच्या हिश्शातला हिस्सा. महाराष्ट्राने १९९४ मध्ये यात बदल केला. २२ जून १९९४ पासून कलम २९-अ जोडले गेले आणि मुलगी जन्माने सहहिस्सेदार झाली. मात्र त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले होते. म्हणजे चोपड्याच्या किंवा साक्रीच्या एखाद्या घरात थोरलीचे लग्न १९९२ मध्ये आणि धाकटीचे १९९५ मध्ये झाले असेल, तर दोघी सख्ख्या बहिणींना दोन वेगळे कायदे लागू होत. रचनेच्या दृष्टीने पाहिले, तर महाराष्ट्राने जुने कलम ६ जागेवरच ठेवले होते आणि त्याच्या शेजारी नवे कलम आणून बसवले होते.

केंद्राने ९ सप्टेंबर २००५ रोजी दुसरा मार्ग धरला. जुने कलम ६ पूर्ण काढले आणि त्याच्याऐवजी नवे कलम ६ दाखल केले. नव्या कलमात मुलगी ‘मुलाप्रमाणेच जन्माने’ सहहिस्सेदार आहे. लग्न कधी झाले, ही अटच राहिली नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेले वाटप, विक्री किंवा मृत्युपत्राने केलेली व्यवस्था मात्र अबाधित ठेवली. राज्यसभेत विधेयक मांडले गेले तो हा दिवस. कायदा येणार हे कळल्यावर घाईघाईने केलेल्या वाटण्यांना संरक्षण मिळू नये, एवढ्यासाठी ही तारीख घातली.

मग वाद लागला ‘कधीपासून’ यावर. बाप २००५ पूर्वीच वारला असेल, तर मुलगी सहहिस्सेदार कोणाबरोबर होणार? मुंबई उच्च न्यायालयाला २०१४ साली या कलमाच्या अर्थासाठी पूर्ण पीठ बसवावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये प्रकाश विरुद्ध फुलवती या प्रकरणात सांगितले की ९ सप्टेंबर २००५ रोजी बाप आणि मुलगी दोघेही हयात पाहिजेत. २०१८ मध्ये दानम्मा प्रकरणात निकाल दुसऱ्या बाजूला झुकला. अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने वाद मिटवला. मुलीचा हक्क तिच्या जन्मातून येतो. बाप २००५ मध्ये जिवंत असण्याची गरज नाही. हक्क मात्र ९ सप्टेंबर २००५ पासून वापरता येईल आणि आधी पक्के झालेले वाटप उकरता येणार नाही. भावांनी ‘आमची तोंडी वाटणी कधीच झाली होती’ असे म्हटले, तर तेवढ्यावर भागत नाही. वाटप नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेले असावे लागते. तोंडी वाटणी सार्वजनिक कागदपत्रांतून पक्की सिद्ध झाली, तरच अपवाद म्हणून मानली जाते. खानदेशात, तसे पाहिले तर सगळ्याच महाराष्ट्रात, तोंडी वाटणीचा आधार घेऊन किती बहिणी बाजूला सारल्या गेल्या, याची कल्पना असणाऱ्याला या एका अटीचे मोल कळेल.

दरम्यान आणखी एक गोंधळ होऊन गेला. २००५ चा दुरुस्ती कायदा २०१५ मध्ये निरसन व सुधारणा अधिनियमाने रद्द झाला. वरवर वाचणाऱ्याला वाटावे की मुलींचा हक्कही गेला, आणि तसे युक्तिवाद झालेही. पण नवे कलम ६ मूळ कायद्यात लिहून झाले होते. ते लिहिण्याचे साधन असलेला दुरुस्ती कायदा काम संपल्यामुळे दप्तरातून काढला, एवढेच. सर्वसाधारण खंड अधिनियमाचे कलम ६-अ हेच सांगते : दुरुस्ती कायदा पुढे रद्द झाला, तरी त्याने मूळ कायद्याच्या मजकुरात केलेला बदल टिकतो. परुळेकर निकालातले लेखणी-शाईचे सूत्र इथे असे उपयोगी पडते.

हे सगळे खानदेशातल्या प्रत्येक कुटुंबाला लागू नाही. १९५६ च्या कायद्याचे कलम २(२) अनुसूचित जमातींना त्यातून वगळते. केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढली तरच तो त्यांना लागू होईल. धुळे आणि नंदुरबारच्या सातपुड्यातले भिल्ल आणि पावरा, साक्री-नवापूरकडचे कोकणा, यावल-रावेरचे तडवी यांच्या वारसाहक्कात रूढीचा प्रश्न आधी येतो. कलम ६ मध्ये जुन्याऐवजी नवे आले, तरी जिथे मुळात ते कलमच पोहोचत नाही, तिथे बदलीही पोहोचत नाही. १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात मुलीच्या बाजूने निकाल दिला. स्त्रीला वगळण्याची रूढी सिद्ध झालेली नसेल, तर केवळ ती स्त्री आहे म्हणून तिला वगळणे समतेच्या तत्त्वाला धरून नाही, असे न्यायालयाने म्हटले. तरीही हा हक्क प्रत्येक घराला स्वतंत्रपणे झगडून मिळवावा लागतो. ही उणीव लहान नाही. ज्या भागात पोटापुरती जमीन हीच सारी पुंजी असते, तिथल्या मुलींनाच कायद्याने सर्वांत कमी दिले आहे.

वारसाहक्कातली बदली याहून जुनी. बापाच्या आधी मुलगा वारला तर त्याच्या मुलांचे काय? याज्ञवल्क्यस्मृतीने याचे उत्तर देऊन ठेवले आहे : नातवांचे वाटे त्यांच्या बापावरून ठरवावेत. विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ याच स्मृतीवरची टीका. इंग्रजी अमलातल्या न्यायालयांनी महाराष्ट्रात मिताक्षरेला प्रमाण मानले. पुणे, अहमदनगर आणि खानदेश या जिल्ह्यांत नीलकंठ भट्टाच्या ‘व्यवहारमयूखा’ला मिताक्षरेच्या बरोबरीचे स्थान दिले, तर गुजरात आणि उत्तर कोकणात मयूखाला वरचढ मानले. वारसाच्या जागी वारस बसण्याचे तत्त्व खानदेशात अशा रीतीने जुन्या ग्रंथांच्या आधाराने मुरलेले होते. १९५६ च्या कायद्याने तेच कलम १० मध्ये आखीव करून मांडले.

आकड्यांत पाहिले की हे लगेच कळते. समजा, यावल तालुक्यातल्या एका केळी उत्पादकाची स्वकष्टार्जित १५ एकर जमीन आहे आणि तो मृत्युपत्र न करता वारला. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी. तिसरा मुलगा आधीच वारला असून त्याची विधवा आणि दोन मुले आहेत. पत्नीचा एक, दोन मुलांचे दोन, मुलीचा एक आणि मयत मुलाच्या शाखेचा एक, असे पाच वाटे पडतील. प्रत्येक वाटा ३ एकरांचा. मयत मुलाच्या शाखेला मिळालेल्या ३ एकरांत त्याची विधवा आणि दोन मुले यांना प्रत्येकी १ एकर. शाखेत माणसे तीन असली म्हणून वाटे तीन होत नाहीत. ती तिघे मिळून एका माणसाच्या जागी उभी आहेत. त्या माणसाला जिवंत असता जेवढे मिळाले असते, तेवढेच त्यांना मिळते. पूर्वी या विधवेने सासरा वारण्याआधी पुन्हा लग्न केले असते, तर कलम २४ प्रमाणे तिचा वाटा गेला असता. २००५ मध्ये ते कलम वगळण्यात आले. मयत मुलीच्या शाखेलाही हाच नियम आहे. थोरली बहीण वडिलांच्या आधी गेली म्हणून तिच्या मुलांना ‘तुमचा काय संबंध’ असे सुनावणारे मामा कायद्याच्या विरुद्ध बोलत असतात.

मुस्लिम वैयक्तिक कायद्यात ही बदली नाही. आजोबांच्या आधी बाप वारला आणि चुलता हयात असेल, तर नातवंडांना वारसा म्हणून काही मिळत नाही. जवळचा नातलग दूरच्याला वगळतो, हे तिथले तत्त्व. आजोबा फार तर मालमत्तेच्या एकतृतीयांशापर्यंत मृत्युपत्र करून नातवंडांची सोय करू शकतात. इजिप्तने १९४६ मध्ये अशा नातवंडांसाठी सक्तीच्या मृत्युपत्राची तरतूद केली आणि पाकिस्तानने १९६१ च्या अध्यादेशाने शाखेचा हक्क मान्य केला. भारतात असा बदल झालेला नाही.

मृत्युपत्रात हीच बदली माणूस स्वतः लिहून ठेवतो. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ चे कलम ९६ सांगते की ‘अमुकाला, नाहीतर तमुकाला’ अशी देणगी असेल आणि पहिला त्या वेळी जिवंत नसेल, तर ती दुसऱ्याला जाते. पर्यायी नाव दिलेले नसेल, तर कलम १०५ प्रमाणे देणगी व्यपगत होते आणि मृत्युपत्रातल्या उरलेल्या मालमत्तेत मिसळते. अपवाद कलम १०९ चा : देणगी स्वतःच्या मुलाला किंवा मुलीला दिली, ते आधी वारले, पण त्यांची संतती मागे राहिली, तर देणगी बुडत नाही. मात्र इथे अनेकांची गल्लत होते. देणगी थेट नातवंडांना जात नाही. मुलगा जणू बापाच्या लगेच मागून वारला असे धरून ती त्या मुलाच्या मालमत्तेत जाते. तिथून ती त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे किंवा त्याच्या वारसांकडे, म्हणजे विधवेकडेही, पोहोचते. मृत्युपत्र लिहिताना ‘तो माझ्या आधी वारल्यास त्याच्या मुलांना’ अशी एक ओळ जास्त लिहिली, की हा वळसा टळतो.

पर्यायी वारसाने एकाच प्रसंगी यावे की कोणत्याही कारणाने यावे, यावर इसवी सनापूर्वी सुमारे ९२ मध्ये रोममध्ये गाजलेला एक खटला झाला. एका रोमन गृहस्थाने लिहिले होते : मला मुलगा होईल, तो वारस, तो वयात येण्याआधी वारला तर मानियस क्युरियस वारस. प्रत्यक्षात मुलगा झालाच नाही. मुलगाच झाला नाही, तर ‘तो वारला तर’ ही अट पुरी होत नाही, असा एका बाजूचा वकील स्केवोला याचा शब्दशः युक्तिवाद होता. मृत्युपत्र करणाऱ्याच्या मनात काय होते ते पाहा, असे क्युरियसचा वकील क्रॅसस याने म्हटले आणि क्युरियसला मालमत्ता मिळाली. भारताच्या १९२५ च्या कायद्यातले कलम १२९ क्रॅससच्याच बाजूचे आहे : पहिली देणगी लिहिलेल्या प्रकारे निष्फळ झाली नसली, तरी ती निष्फळ झाल्यावर दुसरी अमलात येते. मृत्युपत्रातूनच विशिष्ट प्रसंगाचा आग्रह दिसत असेल, तर कलम १३० स्केवोलाच्या बाजूने जाते.

एका वारसामागून दुसरा, त्यामागून तिसरा अशी पिढ्यान्‌पिढ्यांची साखळी मात्र लिहिता येत नाही. कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार टागोर यांनी ख्रिस्ती झालेल्या मुलाला डावलून अशी साखळी मृत्युपत्रात घालून ठेवली होती. १८७२ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ठरवले की कायद्याला माहीत नसलेला वारसाक्रम कोणी खासगीत निर्माण करू शकत नाही. फ्रान्सच्या १८०४ च्या नागरी संहितेनेही पुढच्या वारसासाठी मालमत्ता जपून ठेवण्याचे बंधन घालणारी बदली निषिद्ध ठरवली होती. जमीन मेलेल्या माणसांच्या इच्छेने कायमची अडकून पडू नये, हा हेतू दोन्हीकडे सारखा. गोव्यात १८७० पासून लागू असलेल्या पोर्तुगीज नागरी संहितेत पर्यायी वारसाच्या प्रकारांवर स्वतंत्र तरतुदी होत्या. तिथे वारसाच्या जागी कोणाला नेमता येते, ही गोष्ट नोटरीच्या रोजच्या कामात येते.

दत्तक हीसुद्धा बदलीच. जुन्या हिंदू कायद्यात विधवेने घेतलेला दत्तक मुलगा नवऱ्याच्या मृत्यूच्या दिवसापासून मुलगा धरला जाई. मधल्या काळात भाऊबंदांकडे गेलेली मिळकत तो परत मागू शके. महाराष्ट्रात विधवेला दत्तक घेण्यासाठी नवऱ्याच्या परवानगीची गरज मानली जात नसल्यामुळे असे दावे इथे भरपूर झाले. १९५६ च्या दत्तक कायद्याच्या कलम १२ ने मागच्या तारखेचा हा परिणाम बंद केला. दत्तक ज्या दिवशी घेतला त्या दिवसापासून, आणि आधी दुसऱ्याकडे गेलेली मिळकत तशीच.

आता न्यायालयातली बदली. वाटपाचा दावा धुळ्याच्या किंवा अमळनेरच्या दिवाणी न्यायालयात लागला, तर तो एका पिढीत संपतो असे नाही. वादी वारतो, प्रतिवादी वारतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २२ प्रमाणे मयताचे कायदेशीर प्रतिनिधी रेकॉर्डवर घ्यावे लागतात. दाव्याच्या शीर्षकात ‘वादी नं. १ मयत, वारस १अ, १ब, १क’ असे दिसते, ते यामुळे. मुदत मृत्यूपासून ९० दिवसांची. ती चुकली तर त्या माणसापुरता दावा आपोआप पडतो, वकिलांच्या बोलीत ‘अबेट होतो’. तो उठवण्यासाठी पुढचे ६० दिवस मिळतात. त्यानंतर उशिराचे कारण दाखवून माफी मागावी लागते. न्यायालये यात सहसा उदार असतात, आणि ते योग्यच आहे. गावाकडच्या माणसाला समोरच्या पक्षाच्या घरी झालेला मृत्यू कळेलच असे नाही. म्हणून १९७६ च्या दुरुस्तीने नियम १०-अ आला : आपला पक्षकार वारल्याचे कळताच वकिलाने न्यायालयाला सांगितले पाहिजे. एक्झिक्युशनला, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला, ही अबेट होण्याची अट लागू नाही.

या मुदतीचा फटका सरकारलाही बसतो. पंजाबात लष्करासाठी संपादित केलेल्या जमिनीचा मोबदला दोन भावांना मिळून मंजूर झाला होता. सरकारचे अपील चालू असताना एक भाऊ वारला. त्याचे वारस वेळेत घेतले नाहीत. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की जिवंत भावाविरुद्धचे अपीलही चालणार नाही, कारण एकाच निवाड्याचे दोन परस्परविरोधी निकाल होतील. तापीवरच्या हतनूरसारख्या धरणांसाठी जमिनी गेलेल्या खानदेशात हा नियम दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. वाढीव मोबदल्याची अपिले वर्षानुवर्षे चालतात आणि सामाईक खात्यात पंधरा-वीस नावे असतात. त्यातले एक नाव राहून गेले, तरी अडचण सगळ्यांची होते.

मयताच्या जागी आलेला वारस त्याच्या कर्जाचाही जबाबदार होतो, पण मर्यादेत. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ५० सांगते की मयताची जेवढी मिळकत त्याच्या हाती आली असेल, तेवढ्यापुरतीच वसुली होईल. बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे पवित्र कर्तव्य, या जुन्या तत्त्वावर सावकार मुलाच्या हिश्शावर हात टाकत. २००५ च्या नव्या कलम ६ ने त्यानंतरच्या कर्जांसाठी तेही बंद केले. विकास सोसायटीचे किंवा सावकाराचे कर्ज बापाच्या नावावर असेल, तर मुलाच्या स्वतःच्या कमाईला त्यासाठी हात लावता येत नाही. कर्जापायी आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी ही गोष्ट कोणी जाऊन सांगितली पाहिजे.

सातबारावरची बदली सर्वांना ओळखीची, आणि तिच्याबद्दलच गैरसमज अधिक. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने ३ महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असते. वारसांची नोंद गाव नमुना ६-क मध्ये, मग फेरफार, हितसंबंधितांना नोटीस, हरकत नसल्यास मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी, आणि मयताच्या जागी वारसांची नावे. अनेक सातबारांवर आजोबा-पणजोबांची नावे तशीच राहिल्यामुळे एप्रिल २०२५ पासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम घेण्यात आली. पण फेरफाराने मालकी निर्माण होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ही गोष्ट वारंवार सांगितली आहे : ती नोंद महसूल वसुलीसाठी असते. भावांनी बहिणींची नावे न कळवता वारसनोंद करून घेतली, तरी बहिणींचा हक्क जात नाही. उलट बहिणीचे नाव लागले म्हणून नसलेला हक्क तिला मिळतही नाही.

हक्कसोडपत्राचे वेगळे आहे. ते नोंदणीकृत असेल आणि समजून-उमजून दिलेले असेल, तर ते बांधते. पण वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीवरचा ‘पुढे मिळेल’ असा हक्क मुलीकडून सोडवून घेता येत नाही. वारस होण्याची नुसती आशा हस्तांतरित करता येत नाही, असे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ६(अ) सांगते. राखीपौर्णिमेला माहेरी आलेल्या बहिणीपुढे ठेवलेल्या प्रत्येक कागदाला म्हणूनच सारखी किंमत नसते. कागद कोणत्या मिळकतीचा आहे आणि त्या दिवशी वडील हयात होते का, हे आधी पाहावे लागते.

एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळल्या गेलेल्या व्यक्तीला दाव्यासाठी मुदत कायद्याच्या अनुच्छेद ११० प्रमाणे १२ वर्षे मिळतात. ती वडील वारल्याच्या किंवा फेरफार मंजूर झाल्याच्या दिवसापासून मोजत नाहीत. आपल्याला वगळले आहे हे त्या व्यक्तीला ज्या दिवशी कळले, त्या दिवसापासून ती सुरू होतात.